कर्ता हरवलेली पत्रं

हिंजवडीतल्या किंवा ऐरोलीतल्या एखाद्या कंपनीत सकाळची मीटिंग सुरू असते. कुणाकडे ‘बँडविड्थ’ नसते, कुणी एखादा मुद्दा ‘ऑफलाइन’ घ्यायला सांगतं, कुणी ‘डीप डाइव्ह’ करून संध्याकाळपर्यंत ‘सर्कल बॅक’ करणार असतं. नव्याने लागलेली मुलगी आधी गोंधळते, मग तीही तसंच बोलू लागते. प्रत्येक धंद्याची आपली बोली असते, तशी ही. तिच्यावर विनोद होतात, त्यातही काही गैर नाही.

काळजी वाटावी ती त्याच मीटिंगमधल्या एका वाक्याची. ‘पुढच्या तिमाहीत चार रिसोर्स कमी करू.’ बोलणारा दुष्ट नसतो. पण त्या चौघांपैकी कुणाच्या घराचे हप्ते नुकतेच सुरू झालेले असतात, कुणाची आई आजारी असते. ‘चार माणसांना काढू’ असं म्हणताना हे आठवलं असतं आणि जीभ थोडी अडखळली असती. ती अडखळायलाच हवी. भूल रुग्णाला द्यायची असते. इथे ती सुरी हाती धरणाऱ्यालाच दिली जाते.

डिसेंबर 2012 मध्ये सिटीग्रुप या अमेरिकी बँकेने सुमारे 11,000 नोकऱ्या कमी करत असल्याचं जाहीर केलं. निवेदनात या पावलाचं नाव होतं ‘रिपोझिशनिंग’. जुलै 2014 मध्ये मायक्रोसॉफ्टने 18,000 पर्यंत नोकऱ्या कमी करायचं ठरवलं. त्यांपैकी 12,500 नोकऱ्या नोकियाकडून नुकत्याच विकत घेतलेल्या फोनच्या व्यवसायाशी निगडित होत्या. त्या विभागाचे प्रमुख स्टीफन एलोप यांचं कर्मचाऱ्यांना गेलेलं पत्र ‘हॅलो देअर’ अशा सलगीने सुरू झालं. मग कंपनीची व्यूहरचना, मग महागड्या आणि स्वस्त फोनांबद्दलचं धोरण. बरंच पत्र वाचून झाल्यावर 12,500 चा आकडा येतो, तोही ‘अंदाजे घट’ म्हणून. आपली नोकरी राहिली की गेली, हे शोधत एकेक परिच्छेद उतरणाऱ्या कामगाराचं काय झालं असेल?

वाईट बातमी हळुवारपणे सांगावी, ही रीत चांगलीच आहे. पण हळुवारपणा ऐकणाऱ्यासाठी असतो. या पत्रांत सांभाळलं जातं ते लिहिणाऱ्याचं मन.

आणि कधीकधी त्याची तिजोरीही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कपातीची रीत स्वच्छ लिहिलेली होती. वर्षभर सलग काम केलेल्या कामगाराला कमी करायचं, तर महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा, नोटिशीत कारण लिहायचं आणि नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या पगाराइतकी भरपाई द्यायची. प्रत्यक्षात काय होतं? एचआर केबिनमध्ये बोलावून माणसाकडून राजीनामा लिहून घेतला जातो. कागदोपत्री त्याने आपणहून नोकरी सोडलेली असते. मग नोटीस कसली आणि कपातीची भरपाई तरी कशाची? आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी पुण्यात अशा तक्रारी कामगार खात्यापर्यंत नेल्या आहेत. हा नुसता गुळमुळीत भाषेचा दोष नाही. ही लबाडी आहे.

घरी जेवण आणून देणाऱ्या मुलाला कंपनी ‘पार्टनर’ म्हणते. नफ्यात त्याचा वाटा नसतो आणि एका फेरीचे किती पैसे मिळावेत, हेही त्याला कुणी विचारत नाही. लंडनच्या उबर चालकांनाही करारात स्वतंत्र व्यावसायिक ठरवलं होतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 19 फेब्रुवारी 2021 रोजी एकमताने त्या करारापलीकडे पाहिलं. भाडं कोण ठरवतं, कामावर लगाम कुणाचा, हे तपासलं आणि किमान वेतन व पगारी रजेवर त्या चालकांचा हक्क असल्याचं मान्य केलं.

आपल्याकडच्या व्यवस्थापकांनी एवढं करायला न्यायालयाची वाट पाहू नये. कपातीचं पत्र लिहिण्याची वेळ आली, तर पहिल्याच ओळीत सांगावं की आम्ही तुम्हाला कामावरून कमी करत आहोत. कारण सांगावं, शेवटचा दिवस आणि देण्याची रक्कम लिहावी. खाली विभागाचं नव्हे, स्वतःचं नाव घालावं आणि त्या दिवशी फोन उचलावा.