एकोणसत्तरावा

मार्चमधल्या एका रविवारी संध्याकाळी अमेरिकेत अडुसष्ट नावं जाहीर होतात. रात्रभर वाद चालतो तो एकोणसत्तराव्या नावावर.

एनसीएए ही तिथल्या विद्यापीठीय खेळांची मोठी संस्था. तिच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या बास्केटबॉलचे साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. त्यांतले ६८ बाद फेरीच्या स्पर्धेत उतरतात.

आत जायला दारं दोन. विद्यापीठांच्या गटाला तिथे कॉन्फरन्स म्हणतात. आपल्या कॉन्फरन्सच्या स्पर्धेचा जो विजेता, तो थेट आत. २०२५ साली असे ३१ होते. उरलेल्या ३७ जागा बारा जणांची निवड समिती भरते. पहिल्या दारावर गुणफलक असतो, दुसऱ्या दारावर मत.

गुणफलकाशी भांडून उपयोग नसतो. मताशी भांडल्यावाचून राहवत नाही. म्हणून सगळी भांडणं दुसऱ्या दाराशी होतात.

*

१९३९ साली ८ संघ होते. १९५१ साली १६ झाले, १९७५ साली ३२, १९८५ साली ६४, २००१ साली ६५, २०११ साली ६८. मग ७२ आणि ७६ हे आकडे चर्चेत आले. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पुढच्या वर्षापुरतं ६८ वरच थांबायचं ठरलं.

आकडे एका रांगेत बसतात. त्यांच्यामागची कारणं बसत नाहीत.

*

१९७४ पर्यंत एका कॉन्फरन्समधून एकाच संघाला प्रवेश होता. त्या वर्षी मार्चमध्ये कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना स्टेटने मेरिलँडला जादा वेळेत १०३-१०० असं हरवलं. मेरिलँड देशातल्या अव्वल संघांपैकी एक; तरी बाहेर. ज्याने हरवलं, तो पुढे देशाचा विजेता झाला.

पुढच्याच वर्षी ३२ संघ झाले आणि एका कॉन्फरन्समधून दुसरा संघ घ्यायची मुभा मिळाली. यात कुणावर मेहेरबानी नव्हती. ती एका चुकीची दुरुस्ती होती. देशातल्या उत्तम संघांपैकी एक जिथे खेळत नाही, तिथला विजेता अर्धाच विजेता. मताचं दार तेव्हा रुंद व्हायलाच हवं होतं.

*

२००१ साली एका नव्या कॉन्फरन्सच्या विजेत्याला थेट प्रवेश मिळाला. विजेते ३० चे ३१ झाले. मताच्या ३४ जागांपैकी एक कमी केली असती, तर ६४ चा मेळ बसला असता. ती कमी झाली नाही. पासष्टावा संघ आला, आणि सर्वांत खालचं मानांकन असलेल्या दोन विजेत्यांना ओहायोतल्या डेटन शहरात एका जागेसाठी आपसांत झुंजवलं गेलं.

विजेते वाढले, तर अडचण विजेत्यांनीच सोसायची.

२०११ साली आणखी तीन जागा आल्या. तिन्ही मताच्या वाट्याला गेल्या. डेटनमध्ये आता चार सामने होतात. त्यांपैकी दोन लहान विजेत्यांचे.

विजेते कॉन्फरन्सइतकेच असणार. म्हणून स्पर्धेचा विस्तार म्हणजे मताचा विस्तार.

*

स्पर्धेच्या दूरचित्रवाणी हक्कांचा करार २०१६ साली वाढवला गेला: आठ वर्षांचे ८.८ अब्ज डॉलर, २०३२ पर्यंत. संघ जितके सामने खेळतो, तितका त्याच्या कॉन्फरन्सला वाटा मिळतो. जागा मागणारा ‘मुलांना संधी द्या’ म्हणतो. ते खरंही असतं. मात्र त्या संधीला भाव आहे, आणि तो कॉन्फरन्सच्या खात्यात जमा होतो.

२०२५ साली एसईसी या बलाढ्य कॉन्फरन्सच्या १६ पैकी १४ संघांना प्रवेश मिळाला. परीक्षा झाली की हजेरी घेतली, असा प्रश्न पडावा.

*

मत नेहमी चुकतं असं नाही. २०११ साली व्हर्जिनिया कॉमनवेल्थच्या निवडीवर जाणकारांनी टीकेची झोड उठवली. तो संघ डेटनपासून पाच सामने जिंकत शेवटच्या चारांत पोहोचला.

पण मत बरोबर ठरलं, हे ठरवायचं कसं? २०२५ साली नॉर्थ कॅरोलायनाला जागा मिळाली. सर्वांत कठीण गणल्या जाणाऱ्या १३ सामन्यांपैकी त्यांनी एकच जिंकला होता. समितीचे अध्यक्ष त्याच विद्यापीठाचे क्रीडा संचालक. नियमाप्रमाणे ते त्या चर्चेपासून दूर राहिले. वेस्ट व्हर्जिनिया बाहेर राहिलं, तेव्हा त्या राज्याच्या गव्हर्नरांनी पत्रकार परिषद घेतली. नॉर्थ कॅरोलायनाने डेटनला सॅन दिएगो स्टेटला ९५-६८ असं धुतलं. पाठीराखे म्हणाले, झालं ना सिद्ध?

काहीच सिद्ध झालं नाही. आत आलेल्याच्या यशाने निवड खरी ठरत नाही, कारण बाहेर राहिलेल्याला ते यश मिळवायची मुभाच नव्हती.

*

नियमही कधी विचित्र वागतो. २०२३ साली फेअरली डिकिन्सन आपल्या कॉन्फरन्सचा अंतिम सामना मेरिमॅककडून ६७-६६ असा हरला. मेरिमॅक पहिल्या श्रेणीत नवा, म्हणून अजून अपात्र. हरलेला आत आला. त्याने डेटनचा सामना जिंकला आणि मग पर्ड्यूला ६३-५८ असं गारद केलं. पुरुषांच्या या स्पर्धेत सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याची ही केवळ दुसरी वेळ.

कोणत्याही समितीने त्या संघाला बोलावलं नसतं. नियमाला डोळे नसतात. म्हणून तो तोंड पाहून दार उघडत नाही.

*

२०२४ साली नॉर्थ कॅरोलायना स्टेट आपल्या कॉन्फरन्समध्ये दहावा होता. पाच दिवसांत पाच सामने जिंकून तो विजेता झाला, आणि पुढे शेवटच्या चारांत गेला. त्याच वर्षी इंडियाना स्टेट आपल्या कॉन्फरन्समध्ये पहिला होता. २८ विजय, ६ पराभव. पण कॉन्फरन्सच्या स्पर्धेचा अंतिम सामना हरला, आणि समितीनेही त्याला घेतलं नाही.

एकाचे पाच दिवस दुसऱ्याच्या चार महिन्यांना भारी पडले. हे चटका लावणारं असलं तरी अन्याय नव्हे. नियम नोव्हेंबरपासून सगळ्यांना ठाऊक होता. अंतिम सामना हरणं हे दुर्दैव. त्यानंतर दुसऱ्या दारातून परत पाठवलं जाणं, हे मत.

दुर्दैव पचतं. मत पचत नाही.

*

६८ घेतले तर एकोणसत्तरावा रडेल, ७६ घेतले तर सत्त्याहत्तरावा. एवढ्यावरून विस्तार चूक ठरत नाही. तक्रार संपणार नाही म्हणून दुरुस्ती करायचीच नाही, असं १९७४ साली म्हटलं असतं, तर मेरिलँडसारखे संघ आजही बाहेर असते.

पण जसजसं खाली जावं, तसतसं तक्रारीचं वजन घटतं. आवाज तेवढाच राहतो. आवाज ऐकून वजन ठरवणाऱ्याने तराजू दुसऱ्याच्या हाती द्यावा.

आणखी जागा हव्याच असतील, तर त्या हंगामभर आपल्या कॉन्फरन्समध्ये पहिलं राहून अखेरच्या आठवड्यात हरलेल्यांना द्याव्यात, नियमाने. समितीच्या पदरात आणखी एकही नको. तेवढं धैर्य नसेल, तर ६८ पुरेसे आहेत.