कच्च्या लिंबाची शाळा

डबा ऐसपैस रंगात आलेला असतो आणि चार वर्षांचं एक पोर ‘मीपण, मीपण’ करत मध्येच घुसतं. मोठी मुलं त्याला हाकलत नाहीत. ‘हा कच्चा लिंबू हं!’ असं जाहीर होतं आणि डाव पुढे चालू. कच्च्या लिंबावर राज्य येत नाही, पण धावतो तो सगळ्यांबरोबर. राज्य असलेला मुलगा दहा, वीस, तीस करत शंभरापर्यंत जातो, ते त्याच्या कानावर पडतं. थप्प्यावरून भांडण जुंपतं, एखादी मोठी ताई निवाडा करते, तेही तो बघतो. मग एक दिवस तोच हट्टाला पेटतो : आता मला खरं खेळायचंय, माझ्यावरही राज्य येऊ दे.

शाळेची तयारी म्हणतात ती हीच, असं माझं ठाम मत आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणं, परक्या माणसाचं सांगणं समजून घेणं, आपलं म्हणणं घराबाहेरच्यांना कळेल असं बोलणं. अक्षरं यानंतरची. आपण मात्र तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देतो आणि काही कमी पडलं की आईला बोल लावतो.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात डॅन ऑफर्ड आणि मॅग्डालेना जानुस यांनी मुलांची शाळेची तयारी मोजणारी एक प्रश्नावली बालवर्गाच्या शिक्षकांसाठी तयार केली. तब्येत, इतरांशी वागणं, भावनिक समज, भाषा, संवाद अशा अंगांनी शिक्षकांनी ती एकेका मुलासाठी भरायची. निष्कर्ष मात्र मुलाचा नव्हे, वस्तीचा काढायचा. क्लाइड हर्ट्झमन यांनी ब्रिटिश कोलंबियात त्यावरून नकाशे केले, तेव्हा वस्त्यावस्त्यांतली तफावत ठळक दिसली. तिचं बरंचसं कारण गरिबी होतं, पण सगळं नाही. सारख्याच मिळकतीच्या दोन वस्त्यांतली मुलंही सारखी तयार नव्हती.

मुलाची तयारी वस्तीत घडते, हे आपल्याकडे ताराबाई मोडकांनी या नकाशांच्या कितीतरी आधी ओळखलं होतं. १९४५ साली बोर्डीला बालवाडी निघाली, पण पाड्यांवरची आदिवासी मुलं तिथे येईनात. तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावर नेली, अंगणात मांडली. महागडी माँटेसरी साधनं बाजूला राहिली आणि खडे, पानं, बिया हाताशी आल्या. शिकणं घरच्यांच्या डोळ्यांदेखत होऊ लागलं, हे मला साधनांहून मोलाचं वाटतं. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली, तिच्या केंद्रांना आपण अंगणवाडी म्हणतो. पण शहरात त्यांतली कितीतरी केंद्रं एका खोलीत कोंडली आहेत.

शहरातलं अंगण म्हणजे चाळ आणि गल्ली, पण जुन्या चाळींचे गोडवे मला गायचे नाहीत. कुणाच्या घरची पोरं डावात घ्यायची नाहीत, हेही गल्लीनंच शिकवलं आहे, आणि ज्याला रोज डावाबाहेर ठेवलं ते मूल वर्गातही मागच्या भिंतीला टेकून बसतं.

तरी चाळी-झोपडपट्ट्यांच्या पुनर्विकासात काय जातंय ते बघायला हवं. चाळीच्या गॅलरीत दारं उघडी असत. रांगणाऱ्या पोरावर चार घरांची नजर असे. टॉवरच्या चौदाव्या मजल्यावरून चार वर्षांच्या मुलाला एकट्याला लिफ्टनं खाली कोण पाठवेल? खाली तरी गाड्याच उभ्या. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडीसाठी जागेची तरतूद आहे. ती खोली संध्याकाळीही उघडी राहावी, सेविकेला त्या तासांचा वेगळा पगार मिळावा, तिथे दहा-बारा वर्षांच्या ताई-दादांनाही मज्जाव नसावा आणि दारासमोरच्या जागेत पार्किंगचे पट्टे आखले जाऊ नयेत. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत एवढा ठराव मांडता येतो.