हलगी पुन्हा वाजवावी का?



गेल्या महिन्यात रविवारची मिस्सा संपली आणि पावसाची जोराची सर आली. ज्यांच्याकडे छत्र्या नव्हत्या ती मंडळी चर्चच्या व्हरांड्यात थांबली. त्यांत आपल्या धर्मग्रामातले चार वडीलधारे होते, चौघेही सत्तरी ओलांडलेले. बोलता बोलता विषय पोळ्यावर गेला आणि पोळ्यावरून हलगीवर. मग पाऊस उघडला तरी कोणी उठेना. आम्ही चहा सांगितला आणि त्यांच्यातच बसलो.

हे चौघे एके काळचे वाजवणारे. डोंगरकड्यात आणि कळमनुरी तालुक्यातल्या आसपासच्या गावांत ते वाजवत चालले आहेत. वरातीपुढे, पोळ्याच्या बैलांपुढे, कुस्त्यांच्या फडात, आणि कोणी वारले तर तिरडीपुढेही. प्रत्येक प्रसंगाचा ठेका वेगळा. नुसता ठेका कानावर आला तरी शेतातल्या माणसाला कळायचे, गावात लग्न आहे की मयत.

हलगी (कोणी डफडं म्हणतात) म्हणजे कड्यावर ताणून बसवलेले बकऱ्याचे कातडे. कडे पूर्वी लाकडाचे असे, पुढे लोखंडाचे आले. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. टिपरू ठेका धरते, काडी मधल्या जागा भरते. दमट हवेत कातडे ढिले पडते व आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी ते शेकावे लागते. पोळा येतो श्रावणातल्या अमावास्येला, म्हणजे ऐन पावसाळ्यात. तेव्हा एकजण उसाचे कोरडे पाचट पोत्यात घालून मिरवणुकीबरोबर चालायचा आणि दर थोड्या वेळाने आडोशाला जाळ करायचा. कमी शेकले तर हलगी बोलत नाही, जास्त शेकले तर फाटते. किती शेकले हे टिचकी मारून ओळखायचे. हे सांगताना एका आजोबांनी आमच्या टेबलावर टिचकी मारून दाखवली, जणू टेबलही शेकायचे राहिले होते.

मग कोण जास्त वेळ वाजवू शके, कोणाचा हात हलका, कोण चालता चालता डुलकी घेई आणि तरी ठेका सोडत नसे, अशा गोष्टी निघाल्या. "फादर, तवा पाय दुखत नव्हते बघा. वाजाय लागलं की पाय आपोआप पडायचे," एकजण म्हणाले. दुसऱ्यांनी बाकावर बोटांनी ठेका धरला. तिसरे त्यात सामील झाले. चौथे आजोबा कमी बोलणारे. ते थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "तिथं न्हाई. अर्ध्या पावलावर." ठेका दुरुस्त झाला. मिनिटभर चौघांची बोटे एका बाकावर एकत्र चालली होती.

त्यांच्यापैकी एकाचा मुलगा वडिलांना न्यायला मोटारसायकल घेऊन आला होता. तो शिक्षक आहे. दाराशी उभा राहून तो म्हणाला, "बाबा, जेवायला कुठं बसवायचे तेही सांगा फादरांना."

बोटे थांबली.

मग तेही सांगून झाले. वरात मारुतीपाशी पोहोचली की नवरदेव आत जाई आणि हे बाहेर थांबत. सगळ्या पंगती उठल्यावर यांना लांब, उकिरड्याच्या बाजूला वाढले जाई. उरलेले फडक्यात बांधून घरी न्यायचे. अंगात ताप असला तरी जावे लागे. नाही म्हटले तर सुगीला खळ्यावरचे धान्य बंद. आश्चर्य याचे की हे सांगतानाही आजोबा हसत होते. मुलगा हसत नव्हता. जाताना तो आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "फादर, ज्यानं आपल्याला खाली ठेवलं त्याची आठवण काढून खूश कसं व्हायचं? हे बरोबर आहे का?"

या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. आज थोडा प्रयत्न करतो.

संत ऑगस्टीन यांच्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीविषयी मोठे चिंतन आहे. त्यांना एका गोष्टीचे नवल वाटते, की मागचे दुःख माणसाला आनंदात असतानाही आठवू शकते. ते स्मृतीला मनाचे पोट म्हणतात. गोड-कडू अन्न पोटात गेल्यावर तिथे असते खरे, पण त्याची चव लागत नाही. आजोबांचे असेच झाले असावे. त्यांनी ते अन्न खरोखर खाल्ले, पचवले, आणि आता त्याचा कडवटपणा त्यांच्या जिभेवर नाही. मुलाने ते खाल्ले नाही. त्याने फक्त ऐकले, म्हणून कडू चव त्याच्या तोंडात ताजी आहे. तेव्हा बाप निर्लज्ज आणि मुलगा आढ्यताखोर असे ठरवण्याची घाई आपण करू नये.

तरीही प्रश्न उरतोच, कारण आठवण फसवतेही. गणना पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोक अरण्यात रडू लागतात. मिसर देशातली मासळी, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण त्यांना आठवतात. पाठीवरचे कोरडे आठवत नाहीत. गुलामीतले जेवण फुकटचे वाटू लागते. "पूर्वी गाव कसं एकोप्यानं नांदायचं" असे कोणी म्हणाले की आम्हाला हा कांदा-लसूण आठवतो. त्या एकोप्यात कोण कुठे उभा होता, हे विचारायला हवे.

याउलट स्तोत्र १३७ मधले बंदिवान पाहा. बाबेलमध्ये त्यांना पकडून आणणारेच सियोनची गाणी म्हणायला सांगतात, आणि ते वीणा झाडांना टांगून ठेवतात. कला येत असूनही ती हुकमावरून सादर न करणे, हीदेखील स्वतःच्या कलेचा मान राखण्याची एक रीत आहे. १९५६ साली नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर महाराष्ट्रात अनेक गावांतल्या त्यांच्या अनुयायांनी गावकीची कामे सोडली, त्यांत हे वाजवणेही सोडले. कित्येक ठिकाणी त्याबद्दल त्यांना त्रास झाला. राज्यघटनेचे १७वे कलम अस्पृश्यता नष्ट करते आणि २३वे कलम वेठबिगारीस मनाई करते. ही कलमे खेड्यात पोहोचली ती अशा नकारांतून. शिक्षक मुलगा या परंपरेतला आहे व त्याचा आम्ही आदर करतो.

आता आमची स्वतःची गोष्ट. आमचे वडीलही हलगी वाजवत. सेमिनरीत प्रवेश घेताना आम्ही त्यांचा व्यवसाय 'शेतमजूर' असा लिहिला. ते खोटे नव्हते, अर्धे होते. तत्त्वज्ञानाच्या वर्गात ऑगस्टीनची स्मृतीवरची पाने आम्ही वाचली, परीक्षेत त्यावर चांगले गुणही मिळवले, आणि त्या साऱ्या काळात वडिलांची हलगी एकदाही आठवू दिली नाही. गुरुदीक्षेनंतर दोन वर्षांनी वडील वारले. त्यांचे तीन सोबती हलग्या घेऊन आले व दाराशी जाळ करून शेकू लागले. आम्ही बाहेर जाऊन त्यांना सांगितले, ख्रिस्ती अंत्यविधीला हे शोभत नाही. त्यांनी वाद घातला नाही. जाळावर पाणी ओतले, हलग्या गोणपाटात गुंडाळल्या आणि अंत्ययात्रेत सर्वांत मागे चालले.

असा कोणताही नियम नव्हता. ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेच्या उपासनाविषयक दस्तऐवजात लोकांच्या स्वतःच्या संगीताला मान दिला आहे. पवित्र वापरास योग्य असलेली, किंवा तशी करता येण्याजोगी, इतर वाद्येही वापरण्यास मुभा दिली आहे. हा दस्तऐवज आम्हाला जवळजवळ पाठ होता. आम्ही त्या दिवशी शिक्षक मुलासारखे वागलो, असेही म्हणता येत नाही. तो अन्याय विसरू देत नाही. आम्ही बाप लपवत होतो.

म्हणून निर्गमाच्या पंधराव्या अध्यायातल्या मिर्यामकडे आम्ही पुन्हा पुन्हा वळतो. समुद्र ओलांडल्यावर ती हातात डफ घेते व सगळ्या स्त्रिया डफ वाजवत तिच्यामागे निघतात. हे डफ आले कुठून? अरण्यात तर कोणी मढवले नसतील. घाईघाईने, कणीक फुगायलाही वेळ नसताना ही माणसे निघाली होती, तरी डफ बरोबर घेतले होते. म्हणजे ते वाद्य गुलामीच्याच घरातले. तिथे ते कोणाच्या हुकमावरून वाजले असेल, आपल्याला माहीत नाही. समुद्राच्या या काठावर ते कोणी सांगितले म्हणून वाजले नाही. कांदा-लसूण मालकाचा होता. हात मात्र मिर्यामचा होता. आजोबांच्या हसण्यात आम्हाला वाटते ते हे आहे. पंगत गावाची होती, धान्य गावाचे होते. "अर्ध्या पावलावर" हे ज्ञान गावाने त्यांना दिलेले नव्हते.

तमिळनाडूतही असेच एक वाद्य आहे, परई. त्याच्याशी जोडलेल्या जातीच्या नावावरूनच इंग्रजीने बहिष्कृतासाठी आपला शब्द घेतला. तिथेही ते मयतीपुढे वाजवावे लागे. मदुराईच्या धर्मशास्त्र विद्यालयातले पाळक व संगीतकार थिओफिलस अप्पावू यांनी दलितांचे लोकसंगीत उपासनेत आणले. आज तिथे तरुण-तरुणी परई अभिमानाने शिकतात. पण ज्यांनी ती फेकून दिली त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. आमच्याकडे पुण्यात गणेशोत्सवात शिकलेली मुले-मुली ढोल-ताशा पथकांत हौसेने वाजवतात, टाळ्या मिळवतात. हौस वाईट नाही. फक्त त्यांना वाजवायला नकार देता येतो, आणि आमच्या वडिलांना तो देता येत नव्हता, एवढा फरक ध्यानात असावा.

या चौघांपैकी दोघे पुढे बँड पार्टीत साइड ड्रम वाजवू लागले. लाल कोट, सोनेरी झालर, उन्हाळ्यात घामाच्या धारा. "कोट घातला की वरातीपुरती जात दिसत न्हवती," असे त्यांतले एक म्हणाले. मग डीजे आला आणि कोटही गेला.

आपल्या चर्चच्या सणाच्या मिरवणुकीत डीजेऐवजी आपणच वाजवावे, असे आता या चौघांचे म्हणणे आहे. काही तरुणांचा विरोध आहे. आम्ही दोघांनाही बोलावले. दीड तास बोलणे झाले, आवाज चढले. शेवटी शिक्षक मुलगा म्हणाला, वाजवायचे तर त्यांनी पहिल्या पंगतीत जेवून मग वाजवायचे, मिरवणूक आत गेली की त्यांनी हलग्यांसह आत यायचे, आणि त्या दिवशी कोणाला नको वाटले तर कोणी कारण विचारायचे नाही. आजोबांनी मान डोलावली. जेवून वाजवले तर हात जड होतो, एवढीच त्यांची तक्रार. आम्ही हे सगळे मान्य केले आहे.

हलग्या दोनच उरल्या आहेत, त्यांतल्या एकीचे कातडे उंदरांनी कुरतडले आहे. मढवून देणारा कोणी माहितीत असेल तर मिस्सा संपल्यावर आम्हाला भेटावे.