दाराशीं बसलेला पाहुणा
(आधार : याकोब २:१-९)



याकोबानें आपल्या पत्रांत एक देखावा उभा केला आहे. सभेंत सोन्याची अंगठी घातलेला एक गृहस्थ येतो, आणि त्याच वेळीं मळक्या वस्त्रांतील एक दरिद्रीही येतो. पहिल्यास मानाची जागा मिळते, दुसऱ्यास पायाशीं बसावयास सांगतात. हा देखावा दूर देशचा व जुन्या काळचा आहे असें आपणांस वाटेल. परंतु कर्जत-खालापुराकडील आपल्या मंडळ्यांकडे पाहा. मुंबईहून लोकल गाडीनें कर्जत किंवा खोपोली येथें उतरलेला पाहुणा भक्तिस्थानांत आला कीं खुर्ची पुसून पुढें येते. त्याच रविवारीं वाडीवरचें एखादें कातकरी कुटुंब येतें. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेलीं हीं माणसें पाऊस लागण्याच्या सुमारास परततात. अंगावर भट्टीची माती, कडेवर मूल. त्यांस उठून जागा कोण देतो? तीं दाराशींच बसतात, आणि पुढच्या रविवारीं दिसत नाहींत. मग आपण म्हणतों, ह्यांची श्रद्धा टिकत नाहीं. श्रद्धा टिकली नाहीं, कीं आपली प्रीति टिकली नाहीं?

यरुशलेमांतील पहिल्या मंडळींतही असाच दोष शिरला होता. ग्रीक बोलणाऱ्या विधवांची रोजच्या वाटणींत उपेक्षा होऊं लागली. प्रेषितांनीं ती गोष्ट क्षुल्लक मानिली नाहीं, चांगल्या साक्षीचे सात पुरुष निवडून त्यांवर हात ठेविले (प्रे. कृ. ६:१-६). तेव्हां दाराशीं उभें राहून आलेल्यांचें स्वागत करण्याची सेवा ज्यास सोंपली आहे, त्यानें ती हलकी समजूं नये.

परक्याशीं आदरानें बोलण्याचें फळ केवढें असूं शकतें! १८९३ सालीं नारायण वामन टिळक नागपुराहून राजनांदगांवास आगगाडीनें जात असतां एक अनोळखी युरोपियन प्रवासी त्यांच्याशीं ममतेनें बोलला, व नवा करार त्यांच्या हातीं देऊन गेला. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईंत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, त्याही सोवळें सोडून आल्या नाहींत. बरेच दिवस त्यांचें अन्नपाणी वेगळें होतें. मनाचा पालट सावकाश झाला, आणि १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. ज्या बीजास वेळ लागतो, तें उकरून पाहूं नये.

म्हणून ह्या सेवेच्या पुढाऱ्यानें असें करावें. दर रविवारीं एक भाऊ व एक बहीण अंगणांतच उभीं करावीं, म्हणजे आलेल्या बाईस बाईच आंत नेईल. नांवगांव पुसावें, जात पुसूं नये. पाणी पुढें करावें. कोणी घेतलें नाहीं तर राग मानूं नये. गीताचें पान काढून द्यावें. वाचतां येत नसेल त्याच्याजवळ बसून ओळ सांगावी. प्रभुभोजनाचे वेळीं काय चाललें आहे तें हळूच समजावून द्यावें. बाप्तिस्म्याची गोष्ट पहिल्याच दिवशीं काढूं नये. धान्य, कपडे, नोकरी ह्यांची लालूच तर कधींच दाखवूं नये. आमिष गळास लावतात, पाहुण्याच्या पानांत वाढीत नाहींत. उपासना संपल्यावर त्यांस वाटेपर्यंत पोहोंचवून यावें. आणि पुढाऱ्यानें स्वतः दाराजवळच्या तरटावर बसावें, म्हणजे ती जागा कोणासही अपमानाची राहणार नाहीं.

बंधूंनो, ह्या घरांत आपणही एके काळीं परकेच होतों. ख्रिस्तानें आपले कपडे किंवा कूळ पाहून आपला स्वीकार केला नाहीं (रोम. १५:७). परक्यास आंत घेणें म्हणजे मलाच घेणें, असें त्यानें शिकविलें आहे (मत्तय २५). येत्या रविवारीं दाराशीं कोण बसलें आहे, हें मागें वळून पाहा. कदाचित् प्रभूच तेथें बसला असेल. त्यास आपण हात धरून पुढें आणावें, अशी कृपा तो आपणां सर्वांस देवो. आमेन.