देव्हाऱ्यांतली प्रेयसी

एखाद्यास पूज्य मानणें आणि त्याला मान देणें, या दोन गोष्टी एकच आहेत काय? मध्ययुगीन फ्रान्समधील प्रेमगीतें वाचतांना हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो.

बाराव्या शतकांत दक्षिण फ्रान्सच्या दरबारांतून त्रूबादूर नांवाचे कवि उदयास आले. ते ऑक्सितान भाषेंत पदें रचीत व त्यांस चालीही लावीत. त्यांचीं सुमारें २,५०० पदें आज उपलब्ध आहेत. चाली मात्र जेमतेम एकदशांशाच्या टिकल्या आहेत. या पदांतील नायक बहुधा दुसऱ्याच्या पत्नीचा आराधक असतो. सरंजामी सेवकानें धन्याची करावी तशी तो तिची सेवा करतो. तिला ‘मिदोन्स’, म्हणजे ‘माझा धनी’, असें संबोधितो. या रीतीस ‘दरबारी प्रेम’ हें नांव गास्तों पारी या फ्रेंच पंडितानें १८८३ मध्यें दिलें आणि तेंच रूढ झालें.

या रीतीचें श्रेय नाकारतां येणार नाहीं. ज्या समाजांत सरदारकन्येचा विवाह हा पुष्कळदां जमीनजुमल्याचा व्यवहार असे, तेथें पुरुषानें एका स्त्रीच्या होकारासाठीं तिष्ठत राहावें, ही कल्पनाच वासनेला विनय शिकविणारी होती.

परंतु त्या स्त्रीचें मत काय, हें या पदांत क्वचितच कळतें. ती मूर्ति आहे. मूर्तीनें बोलावयाचें नसतें. ती बोलली म्हणजे काय होतें, हें दीआच्या काउंटेसनें दाखविलें. स्त्री-त्रूबादूरांच्या रचनांपैकीं चालीसह टिकलेलें एकमेव पद तिचें आहे, आणि त्यांत ती बेइमान सख्यास सरळ जाब विचारते. पुढें वैधव्यांत लेखणीवर संसार चालविणाऱ्या क्रिस्तीन द पीझां हिनें पंधराव्या शतकाच्या आरंभीं शंभर बालादांच्या मालेंत प्रियकर व प्रेयसी या दोघांसही वाचा दिली. त्या मालेचा शेवट प्रेयसीच्या मरणांत होतो. खेळ दोघांचा खरा, पण किंमत तिनें मोजली!

यावर कोणी म्हणेल कीं, तो केवळ काव्यसंकेत होता. असेल, पण संकेतच मनाला वळण लावतात. ज्याचें बोलणें ऐकण्याची आपली तयारी नाहीं, त्याची कितीही आरती केली तरी ती अखेर आपल्याच भक्तीची आरती ठरते. आमच्या मतें आदराची पहिली पायरी ऐकून घेणें ही होय; वंदन त्यानंतर.