शेवटचा पक्षीही हलालच असतो का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आम्ही कळंबला राहतो आणि नालासोपाऱ्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवतो. सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत प्लास्टिकची पिशवी घेऊन आमच्यापुढे उभा राहिला. पिशवीत पाणकोंबडी होती. पांढरी छाती, शेपटाखाली विटकरी रंग, गळ्यावरून सुरी फिरलेली.

"सर, ये हलाल है ना?"

आम्ही विचारले, कशाने मारलीस? म्हणाला, गुलेलीने. मग आमच्या चेहऱ्याकडे पाहून लगेच पुढे म्हणाला, "पत्थर से मरी नहीं थी सर. पंख टूटा था, जिंदा थी. मैंने बिस्मिल्लाह पढ़ के काटी."

म्हणजे पोराला मसला ठाऊक होता. दगडाच्या माराने मेलेले जनावर खाता येत नाही. जिवंत हाती लागले तर जबह करावे लागते. आम्ही वन्यजीव कायद्याची आठवण करून दिली. तो म्हणाला, "वो तो है सर, पर हलाल तो है ना?" आम्ही म्हणालो, हो, हलाल आहे. तो खुशीत गेला. त्याचे वडील नाक्यावर मजुरीला उभे राहतात. त्या घरात त्या दिवशी गोश्त शिजले असेल, आणि त्याबद्दल त्याला रागवायला आमची जीभ उचलली नाही.

पण आपण पोराला अर्धेच उत्तर दिले, हे तेव्हापासून मनातून जात नाही.

हाच प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईत आणखी एका मुस्लिम मुलाने विचारला होता. सलीम अली लहान होते, हातात एअरगन होती. पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, तेव्हा ही खाण्याजोगी आहे की नाही अशी शंका आली. त्यांनी ती मामू अमिरुद्दीन तय्यबजींना दाखवली. मामूंनी मुलाला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलर्डसाहेबांकडे पाठवले. साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्पे उघडून दाखवले आणि त्या मुलाचे आयुष्यच बदलले. एरवी हा किस्सा आपण अभिमानाने सांगतो आणि पुढे जातो. आम्हाला त्यात वेगळेच काही दिसते. ते पोर फतवा विचारायला निघाले होते आणि त्याला पक्ष्याचे नाव कळले. हे खाऊ का, एवढ्यावर न थांबता हा आहे कोण, किती आहेत, कुठे राहतात, इथवर ते गेले. सलीम अली पुढेही बंदूक चालवत राहिले, अभ्यासासाठी पक्षी मारत राहिले. ते काही साधू झाले नाहीत. पण मोजायला शिकले.

याच सलीम अलींनी आग्रह धरला होता की राष्ट्रीय पक्षी माळढोक असावा. १९६३ साली मान मोराला मिळाला. माळढोक म्हणजे माळावरचा मोठा पक्षी. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. मांस चविष्ट, म्हणून बादशहांपासून गोऱ्या साहेबांपर्यंत आणि पुढे जीपवाल्या शिकाऱ्यांपर्यंत सर्वांनी मारला. बाबराने आपल्या आत्मचरित्रात त्याच्या मांसाची तारीफ केली आहे. त्या काळी माळ होते, पक्षी होते, त्याच्या जेवणाचा हिशेब आज मागण्यात अर्थ नाही. १९६९च्या सुमारास देशात बाराशेच्या आसपास माळढोक असल्याचा अंदाज होता. आज दीडशेच्या आसपास, तेही बहुतेक राजस्थानात. सोलापूरजवळच्या नान्नजला एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

आता प्रश्न असा. माळढोक हलाल आहे का? आहे. पंजाने शिकार फाडणारा तो नाही, मुरदार खाणारा नाही. मग दीडशेतला एक हलाल आहे का? आणि शेवटचा?

काही जण म्हणतील, शरीअतने हलाल केलेले हराम करणारे तुम्ही कोण? प्रश्न वाजवी आहे, म्हणून सांभाळून उत्तर देतो. आम्ही आलिम नाही, बी.एड. झालेले मास्तर आहोत. पण पवित्र कुरआनातच तीच शिकार, तोच प्राणी, तोच माणूस असताना हुकूम बदलतो. इहराम बांधला की जमिनीवरची शिकार हराम. मक्केच्या हरमच्या हद्दीत हराम. मदीनेभोवतीही प्रेषितांनी (स.) हद्द आखून दिली, तिथे ना शिकार, ना झाडतोड. म्हणजे हलाल हा शब्द पक्ष्याच्या अंगावर कायमचा गोंदलेला नाही. त्याला जागा आहे, वेळ आहे. आणि इहराममध्ये कुणी जाणूनबुजून शिकार केलीच तर भरपाई ठरवायची ती दोन न्यायी माणसांनी. मारलेल्या जनावराच्या तोडीचे पाळीव जनावर द्यायचे. नुसती तौबा करून भागत नाही, हिशेब द्यावा लागतो. सूरह अल-अनआममध्ये तर पक्ष्यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. एक पक्षी खाणे वेगळे आणि एक उम्मत संपवणे वेगळे, हे समजायला फार मोठा मुफ्ती लागत नसावा.

विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी फिर्याद करील, ही हदीस आपण मुलांना सांगतो. सांगायला सोपी आहे, कारण तीत गुन्हेगार एकच आहे. आमच्या विद्यार्थ्याला ती लागूही होत नाही. त्याने भुकेसाठी मारली. लागू होते ती १९७८-७९च्या हिवाळ्यात जैसलमेरला लवाजम्यासह आलेल्या सौदी राजपुत्राला. तिलोर नावाचा, माळढोकाच्याच कुळातला पक्षी मारायला तो ससाणे घेऊन आला होता. राजस्थानात लोक रस्त्यावर उतरले आणि शिकार थांबवावी लागली. शिकवलेल्या ससाण्याने पकडलेली शिकार कुरआनाने जायज ठरवली आहे, हे खरेच. पण ती परवानगी काफिले नेऊन वाळवंट रिकामे करण्यासाठी आहे, असे म्हणायला आमचे मन धजत नाही.

शिकारी असून पक्षी परत आणणारेही जगात आहेत, हे मान्य केले पाहिजे. अमेरिकेतल्या टर्कीचे उदाहरण घ्या. (हा पक्षी गोव्याहून मुकर्रब खानाने जहांगीरच्या दरबारी नेला होता आणि उस्ताद मन्सूरने त्याचे चित्र काढले. गंमत अशी की इंग्रज त्याला टर्की म्हणतात आणि तुर्कस्तानात त्याचे नाव 'हिंदी' आहे. कुणालाच तो आपला वाटत नाही!) विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकार आणि जंगलतोड यांमुळे अमेरिकेच्या कित्येक राज्यांतून रानटी टर्की नाहीसा झाला होता. १९३७ साली कायदा झाला, बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला गेला. त्या पैशांतून जंगलातले टर्की पकडून दुसऱ्या जंगलात सोडले आणि पक्षी पुन्हा लाखोंनी वाढला. अलीकडे दक्षिणेकडच्या राज्यांत तो पुन्हा घटतो आहे. तिथल्या काही राज्यांनी शिकारीचा हंगाम उशिरा सुरू केला, माणशी किती मारायचे तो आकडा कमी केला. नर जोडी जमवण्याआधीच मारले जाऊ नयेत म्हणून. तिथला शिकारी मारतो, पण मोजून मारतो.

माळढोकाला मात्र एवढ्याने तारता आले नसते, कारण आज त्याला मारणाऱ्याच्या हातात बंदूक नाही. १९७२च्या कायद्याने शिकार बंद झाली. १९७९ साली नान्नजचे अभयारण्य जाहीर झाले, तब्बल आठ हजार चारशे शहाण्णव चौरस किलोमीटरचे. त्यात गावे आली, शेते आली, लोकांचे जमिनीचे व्यवहार अडले, आणि शेतकऱ्याला माळढोक शत्रू वाटू लागला. पुढे हद्द कमी करून बाराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आणली. तोवर माळ बदलले होते. सरकारी कागदावर गवताचा माळ म्हणजे पडीक जमीन. पाणी आले तिथे ऊस आला. आणि विजेच्या तारा आल्या. माळढोकाची नजर बाजूला चांगली पोचते, समोर कमी. अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. तो तारेवर आदळतो. राजस्थान-गुजरातेत त्याच्या मरणाचे हे मोठे कारण आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखालून न्यायला सांगितले. २०२४ साली तो आदेश सौम्य झाला, कारण सौरऊर्जाही हवी होती. तीही वाजवीच गरज.

मग इथे शिकारी कोण? बटण दाबून पंखा लावणारे आम्ही? ती फिर्याद कुणाच्या नावे लिहिली जाईल, आणि भरपाई ठरवणारी ती दोन न्यायी माणसे आणायची कुठून? प्रत्येकाचे काम आपापल्या जागी हलाल आहे. शेतकऱ्याचा ऊस हलाल, कंपनीची वीज हलाल, आमचा पंखा हलाल. सगळ्या हलाल गोष्टींची बेरीज करून पाहिली तर माळावर पक्षी नाही.

आमच्या शाळेपासून जवळच सोपाऱ्याचा स्तूप आहे. याच सोपाऱ्यात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्या लेखाचा विषयच हा: पूर्वीचे राजे मौजेच्या सफरींवर जात, शिकार करत, आपण ते सोडून धम्मयात्रा सुरू केली. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावला मिळाला, आमच्या कळंबपासून फार लांब नाही. दिवाळीनंतर मुलांना स्तूप दाखवायला नेले होते. राजाने शिकार सोडली, हे सांगितल्यावर तोच गुलेलवाला पोरगा म्हणाला, "सर, राजा के पास तो दूसरा खाना था." सगळा वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण त्याचे म्हणणे खोडता आले नाही.

खोडायचे तरी कोणत्या तोंडाने? आम्ही ज्या इमारतीत राहतो ती जागा पूर्वी पाणथळ होती. भराव टाकून उभी केली आहे. मागे एक खड्डा तेवढा उरला आहे, त्यात घाणेरी आणि पाणगवत माजले आहे. आषाढ लागला की त्यातून पाणकोंबड्या रात्र रात्र ओरडतात. बायको म्हणते, झोपू देत नाहीत. त्या पोराने गुलेलीने एक मारली. या वस्तीने किती मारल्या असतील ते कुणी मोजलेले नाही.

गेल्या महिन्यात सोसायटीची मीटिंग झाली. तो खड्डा बुजवून तिथे गाड्या लावायची सोय करायची आहे. बहुमत झाले आहे. प्रत्येकाची सही हवी म्हणून कागद घरोघर फिरतो आहे. तो आमच्याकडे येऊन आठ दिवस झाले. आमची जुनी मोटारसायकल पावसात भिजते, हेही खरे आहे. सेक्रेटरींचे दोन फोन येऊन गेले. कागद अजून आमच्या दप्तरात, तपासायच्या वह्यांच्या खाली पडून आहे.