जुन्या कमांडचं आपण काय देणं लागतो?

फायरवॉल म्हणजे सर्व्हरच्या दारात बसलेला राखणदार. त्याच्या हातात नियमांची यादी असते. अमुक पत्त्यावरून आलेल्याला आत सोड, तमुक पोर्टवर कुणालाच येऊ देऊ नकोस. लिनक्सवर ही यादी बहुतेक वेळा कमांड टाइप करून बनवतात. त्या कमांड एका फाइलमध्ये ठेवल्या, की मशीन सुरू होताना आपोआप चालतात. मग पाच-सात वर्षं त्या फाइलकडे कुणी बघत नाही. लिहिणारा नोकरी बदलून पुण्याला किंवा बंगळुरूला गेलेला असतो. मागे राहिलेल्यांना एवढंच माहीत असतं, की मशीन चालू आहे आणि त्याला हात लावायचा नाही.

आता समजा, कमांडचं ते टूल बनवणाऱ्यांनीच त्यात बदल केला. जुन्या फाइलमधल्या ओळींना नव्या टूलने कसं वागवावं? जुनं चालत राहावं म्हणून ठेवलेल्या सोयीला आमच्या क्षेत्रात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. अनेकदा तो नुसता एक जादाचा ऑप्शन असतो, पाच-पन्नास ओळींचा कोड. पण तो ठेवायचा का, आणि ठेवला तर कसा वागणारा ठेवायचा, हा मला नैतिक प्रश्न वाटतो. कारण बदल ठरतो तेव्हा ठरवणारे खोलीत असतात. ज्याच्यावर तो बदल येऊन आदळणार, तो तिथे नसतो आणि त्याला कुणी विचारलेलंही नसतं.

लिनक्सच्या फायरवॉलची कमांड आजवर बऱ्याच वेळा बदलली. कर्नल २.० च्या काळात आयपीएफडब्ल्यूअ‍ॅडम होतं. १९९९ मध्ये कर्नल २.२ बरोबर आयपीचेन्स आलं. २००१ मध्ये २.४ बरोबर आयपीटेबल्स आलं आणि २०१४ मध्ये ३.१३ बरोबर एनएफटेबल्स. प्रत्येक वेळी बदलाला चांगली कारणं होती आणि प्रत्येक वेळी मागे जुन्या फाइलींचा ढीग उरला.

२००१ मध्ये काय केलं बघा. नव्या कर्नलमध्ये आयपीचेन्ससाठी एक वेगळं मॉड्यूल दिलं होतं. ते लोड केलं की जुन्या कमांड चालायच्या. पण ते आणि आयपीटेबल्स एकाच वेळी लोड होत नसत. एक आत असेल तर दुसऱ्याला कर्नल सरळ नकार द्यायचं. अडचण व्हायची, पण राखणदाराच्या हातात कोणती यादी आहे याबद्दल शंका उरत नव्हती.

२०१८ मध्ये आयपीटेबल्सची १.८ ही आवृत्ती आली तेव्हा मार्ग वेगळा निवडला गेला. कमांडचं नाव तेच, लिहायची पद्धत तीच, पण आतलं इंजिन एनएफटेबल्सचं. जुनं इंजिन हवं असेल तर ‘लेगसी’ नावाने वेगळी कमांड. २०१९ च्या जुलैमध्ये डेबियन १० ने या नव्या रूपालाच डीफॉल्ट केलं. बहुतेकांना काही कळलंही नाही, आणि हे या कामाचं मोठं यश आहे. जुन्या फाइली जशाच्या तशा चालल्या.

गडबड झाली ती जिथे दोन्ही इंजिनं एकत्र आली तिथे. कुबरनेटीससारख्या ठिकाणी कंटेनरच्या आत जुन्या इंजिनाची कमांड आणि बाहेर मशीनवर नव्या इंजिनाची, असं घडू लागलं. दोघांचंही नाव आयपीटेबल्सच. आता दारात दोन राखणदार, दोघांच्या याद्या वेगळ्या. एकाने आत सोडलं तरी दुसरा अडवू शकतो. आणि तुम्ही नियम दाखव म्हणून कमांड दिली, तर ती एकाचीच यादी दाखवणार. उत्तर खोटं नव्हतं, अर्धवट होतं. राखणदाराच्या बाबतीत अर्धवट उत्तर हे खोट्या उत्तराइतकंच महाग पडतं.

मी माळशिरसचा आहे, त्यामुळे हे वाचताना मला सर्व्हर आठवत नाही, सातबारा आठवतो. उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असतं. पारावर, हॉटेलात, सोयरिकीच्या बैठकीत मात्र जमीन एकर आणि गुंठ्यातच बोलली जाते. एक गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. दोन्ही इतके जवळ, की सर्रास आरलाच गुंठा म्हणतात. सातबाऱ्यावर ८० आर दिसले की तोंडून ‘दोन एकर’ निघून जातं.

फरक किती? दोन एकर म्हणजे सुमारे ८०९४ चौरस मीटर. ८० आर म्हणजे ८०००. मधले ९४ चौरस मीटर म्हणजे हजार चौरस फुटांच्या आसपास. शेतात तो एक कोपरा वाटेल. तीच जमीन रस्त्याकडेची असेल आणि गुंठ्याच्या भावाने विकली जात असेल, तर ती एका घराची जागा आहे. इथे कुणी फसवलेलं नसतं. घेणारा गुंठा म्हणाला, देणारा गुंठा म्हणाला, फक्त शब्दाखालचं माप बदललं होतं. आणि जुनं नाव तोंडात असल्यामुळे ते बदलल्याचं कुणाला जाणवलं नाही.

नवं माप आलं यात चूक नाही. लोक जुन्या शब्दाला धरून बसले यातही नाही. जुना शब्द नव्या मापावर चिकटला आणि त्या वेळी कुणी खाकरलंसुद्धा नाही, तोटा तिथे झाला.

हे वेगळ्या रीतीने करता येतं, आणि आपल्याच देशात ते झालेलं आहे. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे १०० पैसे झाले. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे होते. म्हणजे ‘पैसा’ हा शब्द जुना, पण किंमत नवी. बाजारात दोन्ही नाणी फिरत असताना नुसतं पैसा म्हटलं असतं, तर रोज प्रत्येक दुकानात भांडण झालं असतं. म्हणून नव्या नाण्यावर ‘नया पैसा’ असं छापलं. सात वर्षांनी, १ जून १९६४ पासून, ‘नया’ हा शब्द काढला. तोवर लोक रुळले होते.

आणखी एक गंमत आहे. चार आणे बरोबर २५ पैशांना बसत होते आणि आठ आणे ५० पैशांना. म्हणून हे शब्द नव्या नाण्यांनाही लागू राहिले. २०११ मध्ये २५ पैशांचं नाणं बंद होईपर्यंत कितीतरी लोक त्याला चार आणेच म्हणत होते आणि त्यात कुणाचं नुकसान नव्हतं. एक आणा मात्र सव्वासहा पैशांचा. तो नेमका कुठे बसेना, म्हणून त्याच्यासाठी तक्ते लागले. अर्थ तंतोतंत तोच असेल तर जुनं नाव खुशाल वापरावं. अर्थ जरासुद्धा हलला असेल, तर सगळे रुळेपर्यंत नावापुढे ‘नवा’ लावावं.

आता उलट बाजू. जुनं सांभाळणं फुकट नसतं. अशी टूल्स सांभाळणारी माणसं मोजकी असतात. प्रत्येक जुना ऑप्शन म्हणजे त्यांच्यासाठी तपासायची आणखी एक वाट, चूक शिरायला आणखी एक फट. पाच वर्षं फाइल न उघडणाऱ्या आळशी माणसासाठी त्यांनी आपला रविवार का घालवावा? शिवाय कधी कधी जुनी पद्धत मुळातच असुरक्षित असते.

याचं चांगलं उदाहरण आयपीटेबल्समध्येच आहे. पूर्वी दोन प्रोग्रामनी एकाच क्षणी नियम बदलले तर एकाचा बदल हरवू शकायचा. म्हणून २०१३ मध्ये १.४.२० या आवृत्तीत कुलूप आलं. एकाचं काम चालू असेल तर दुसरी कमांड नियम न लावताच थांबते आणि सांगते की वाट बघायची असेल तर ‘डॅश डब्ल्यू’ हा ऑप्शन द्या. बदल योग्य होता, संदेशही स्वच्छ होता. पण तो वाचणार कोण? पहाटे आपोआप चालणाऱ्या फाइलला डोळे नसतात. तिच्यात डॅश डब्ल्यू नव्हतं, कारण ती लिहिली तेव्हा ते अस्तित्वातच नव्हतं. आणि ते घालावं, तर जुन्या मशीनवरच्या आवृत्तीला हा ऑप्शन ओळखीचा नाही. तिथे सगळी ओळच फसणार. दोन्हीकडे चालणाऱ्या स्क्रिप्टला आधी आवृत्ती विचारून घ्यावी लागली.

कुणी म्हणेल, वाट बघणं हेच डीफॉल्ट का नाही ठेवलं? ठेवलं असतं तर एखादी अडकलेली कमांड बाकीच्यांना तासन् तास ताटकळत ठेवू शकली असती. निर्णय सोपा नव्हता. तरी माझं झुकतं माप वाट बघण्याला आहे. जुन्या फाइलने म्हटलं होतं, ‘हा नियम लाव.’ ‘मोकळा असशील तरच लाव’ असं तिने म्हटलं नव्हतं. बोलणारा समोर नसेल, तर त्याच्या बोलण्याचा त्याला अभिप्रेत असलेला अर्थ धरावा, एवढा मान त्याला द्यायला हवा.

म्हणून जुनं कायम चालूच ठेवा, असं मी म्हणणार नाही. सांभाळणाऱ्याला थकायचा आणि थांबायचा हक्क आहे. त्याने नकार द्यावा, तारीख सांगून जुनी वाट बंद करावी. २००१ चं कर्नल नकारच देत होतं. कमांड फसली तर माणूस चिडतो, शोधतो, शेवटी दुरुस्त करतो. कमांड यशस्वी झाल्यासारखी वाटली आणि भलताच अर्थ घेऊन बसली, तर शोधायचं काय हेच त्याला कळत नाही.

आज नव्या इंजिनाच्या आयपीटेबल्सला नियम विचारले आणि जुन्या इंजिनातही काही नियम पडून असतील, तर यादीबरोबर एक इशारा येतो: लेगसी टेबल्स आहेत, ती बघायला लेगसी कमांड वापरा. मला ती ओळ मोलाची वाटते. तिने जुनं काही दुरुस्त केलेलं नाही. आपण दाखवतोय ते सगळं नाही, एवढं तिने कबूल केलं. खोलीत नसलेल्या माणसाचं एवढं देणं तरी बदल करणाऱ्याने फेडलंच पाहिजे. पदरमोड करून त्याची जुनी वाट जपणं हा मोठेपणा झाला. तो जमला तर उत्तमच.

सातबाऱ्याच्या बाबतीत अशी इशाऱ्याची ओळ छापलेली नाही, तिथे ती आपल्यालाच उच्चारावी लागते. कुणी ‘अर्धा एकर आहे’ म्हणालं, की विसार देण्याआधी विचारायचं: वीस गुंठे, की वीस आर?